बिनकेसांची पिवळी

धाकटीला नवी प्रजाती सापडल्याचं कळलं तेव्हा थोरली एका वेलाचं टोक कागदावर चिकटवत होती. बातमी ऐकून तिने मान वर केली, "अरे वा, छान," म्हणाली आणि पुन्हा मान खाली घातली. तोंडदेखलं कौतुक करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. वेलाचं टोक मात्र तिरकं चिकटलं, आणि सव्वीस वर्षांत तिच्या हातून तिरकं काही चिकटलं नव्हतं.

उगाच आडपडदा कशाला, थोरली आपल्या सख्ख्या बहिणीवर जळायची. आजकालची गोष्ट नव्हे, फार जुनी. दोघींमध्ये नऊ वर्षांचं अंतर. थोरलीने कॉलेजात वनस्पतीशास्त्र घेतलं आणि दोनदा नापास झाली. प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी, पण लेखी परीक्षेत पेन हातात घेतलं की डोकं कोरं. तीच पुस्तकं, तिच्याच पेन्सिलीने खुणा केलेली, पुढे धाकटीने वाचली आणि ती पहिली आली. लोक म्हणाले, काय हुशार मुलगी आहे. खुणा कुणी केल्या होत्या हे कुणी विचारलं नाही. थोरली मग या वनस्पती संग्रहात वाळलेली झाडं कागदावर लावायच्या कामाला लागली, आणि पंधरा वर्षांनी धाकटी याच विषयात डॉक्टरेट मिळवून त्याच संग्रहात आली, थेट मायक्रोस्कोपच्या खोलीत. तोवर थोरलीला सगळे 'बाई' म्हणत. धाकटी तिला ताई म्हणते हे ऐकून महिन्याभरात शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांची ती ताई झाली. म्हणजे हाकसुद्धा धाकटीने बदलली. थोरलीने काही तक्रार केली नाही, पण विसरलीही नाही.

धाकटी वाईट असती तर सोपं झालं असतं. पण ती लाघवी. चष्मा कपाळावर सरकवून तोच चष्मा टेबलभर शोधणारी, डब्यातला शेवटचा घास ताईपुढे करणारी, कुणाविषयी वाकडं न बोलणारी. अशा माणसाला पाण्यात पाहायचं म्हणजे आधी स्वतःचीच लाज वाटते, आणि लाज वाटली की राग दुप्पट होतो. थोरलीचं गेली अकरा वर्षं हेच चाललं होतं.

आता थोडं कामाविषयी. झाडं चिकटवणं म्हटलं की लोकांना बालवाडी आठवते. आठवू द्या. रानातून आणलेलं झाड टिपकागदात दाबून वाळवतात आणि मग ते थोरलीच्या टेबलावर येतं. एक पान सुलटं, एक उलटं ठेवायचं, म्हणजे दोन्ही बाजू दिसतात. बारीक देठाला डिंक, जाड देठाला सुईदोऱ्याचे दोन टाके. गळून पडलेलं बी, तुटलेली पाकळी एका छोट्या पाकिटात घालून ते पाकीट कागदाच्या कोपऱ्यात लावायचं. खाली उजवीकडे पट्टी: झाड कोणतं, कुठलं, कधी आणलं, कुणी आणलं. पुढे एखाद्या अभ्यासकाने त्या झाडाची ओळख पुन्हा तपासली तर त्याच्या नावाची ओळखचिठ्ठी वर लागते. आणणाऱ्याचं नाव असतं, ओळखणाऱ्याचं असतं. लावणाऱ्याचं नसतं. संग्रहात दोन लाख कागद आहेत, त्यांतले साठ हजार तरी थोरलीच्या हातचे असतील, आणि तिचं नाव एकावरही नाही.

आणि ज्यात नवी प्रजाती सापडली ते फूल? संग्रहात त्याला सगळे नुसतं 'पिवळी' म्हणत. लॅटिन नाव लांबलचक आहे, पण थोरलीलाही ते पाठ होतं. माळावरचं गवत घोट्याएवढं असतं तेव्हा ही उगवते, वीतभर वाढते आणि तीन आठवडे सगळा उतार पिवळा करून सोडते. शंभर दिवसांत सगळा कारभार आटोपून मरते, वर्षातले बाकीचे दिवस ती फक्त मातीतलं बी असते. आपण ज्याला तिचं एक फूल समजतो ते एक नसतंच. मधल्या चकतीत साठ-सत्तर नळीसारखी बारकी फुलं खेटून बसलेली असतात आणि कडेने आठ-दहा फुलं एकेक लांब पाकळी बाहेर काढून मिरवत असतात. मिरवणारी आठ, काम करणारी सत्तर, असं थोरली मनात म्हणायची. प्रत्येक बारक्या फुलाखाली एकच बी धरतं, आणि त्या बीच्या डोक्यावर पांढऱ्या रेशमी केसांचा झुपका असतो, वाऱ्याबरोबर उडून जायला.

धाकटीने जे शोधलं ते या झुपक्याविषयीच होतं. दर शुक्रवारी चार वाजता संग्रहाच्या वाचनालयात चहा असतो आणि कुणीतरी आपलं काम सांगतं. त्या शुक्रवारी धाकटीची पाळी होती. ती म्हणाली, संग्रहातल्या जुन्या सरांनी तीस वर्षांपूर्वी एका टेकडीवरून आणलेली पिवळी सतरा कागदांवर आहे, आणि तिच्या बियांना केस नाहीत. एकही नाही. कोपऱ्यातल्या पाकिटांतही गळालेला केस सापडत नाही. संग्रहातल्या बाकीच्या दोनशे दहा कागदांवर मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या बियांचेही केस शाबूत आहेत. शिवाय या सतरांची पानं जरा अरुंद आहेत. केस नाहीत म्हणजे बी उडणार नाही, जिथल्या तिथे पडणार. म्हणजे ही पिवळी त्या टेकडीबाहेर कधी गेलीच नसणार. आणि ती टेकडी आता शिल्लक नाही, दगडाच्या खाणीने ती खाऊन टाकली. जुने सरही वारले. जगात या फुलाचं जे काही उरलंय ते या सतरा कागदांवर आहे.

पडद्यावर हातभर मोठं केलेलं एक तपकिरी बी होतं, डोकं स्वच्छ, गुळगुळीत. दाराजवळच्या खुर्चीत बसलेल्या थोरलीचा चहा कपातच निवला, कारण ते बी तिने ओळखलं होतं.

"ताई, हे कागद तूच लावलेत का गं?" धाकटीने विचारलं.

"नाही. जुन्या बाईंनी लावलेत. माझ्या आधीचे आहेत," थोरली म्हणाली. हे खरं होतं, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं असं. थोरली कामाला लागली तो पहिला महिना. भिंतीमागचा पाण्याचा नळ फुटून एका कपाटात ओल शिरली होती आणि कागदांवर बुरशी चढायला लागली होती. तेव्हा हेच काम करणाऱ्या जुन्या बाईंनी तिला ब्रश आणि स्पिरिटची बाटली दिली आणि सांगितलं, "पांढरं दिसलं की काढायचं. जराही ठेवायचं नाही." थोरली नवी होती, नोकरी कच्ची होती आणि काम चोख करून दाखवायची हौस होती. तिने पांढरं दिसलं तिथून काढलं. त्या खणात पिवळीचा सतरा कागदांचा गठ्ठा होता. सरांनी टेकडी उशिरा गाठलेली, फुलं उलटून बी धरलं होतं, आणि प्रत्येक बीवर पांढरी लव. थोरलीने एकेक बी स्पिरिटच्या ब्रशाने घासून लख्ख केलं. पाकिटंही उघडून, झटकून, आतून पुसून पुन्हा लावली. जुन्या बाई म्हणाल्या, वा, हात चांगला आहे.

तिसऱ्या महिन्यात ताजी पिवळी टेबलावर आली. थोरलीने ती जवळ घेऊन पाहिली, तिच्या श्वासाने केस उडाले आणि नाकात गेले. तिला चार-पाच शिंका आल्या. शिंका थांबल्या तशी तिला त्या सतरा कागदांवरची पांढरी लव आठवली. दोनदा नापास झालेल्या मुलीला बुरशी आणि बीचे केस यांतला फरक कळला नाही, हे कुणाला सांगायचं? ती मूग गिळून गप्प बसली. दोन लाखांतले सतरा कागद, कोण बघायला जातंय, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि ती समजूत सव्वीस वर्षं टिकली.

आणि बघायला कोण गेलं, तर धाकटी. आता थोरलीने त्याच संध्याकाळी तिला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं की नाही? हवं होतं. तिलाही ते कळत होतं. पण सगळे धाकटीभोवती गोळा झाले होते, मोठे साहेब तिच्या खांद्यावर थोपटत होते, आणि थोरलीच्या मनात एक विचार आला आणि तो तिला फार आवडला. होऊ दे छापून. कधीतरी कुठला तरी अभ्यासक हे खोटं ठरवेलच. मग बघू या, पहिल्या येणाऱ्या बाई कशा तोंडावर पडतात.

हा विचार तिने चार महिने जपला. धाकटी लेख लिहीत होती, बियांची चित्रं काढत होती, दुपारी थोरलीच्या टेबलाशी येऊन "ताई, पानांची मापं जरा वाच ना, मी लिहून घेते" म्हणायची. थोरली मापं वाचायची. अगदी बरोबर वाचायची. ताकास तूर लागू देत नव्हती. मोठ्या साहेबांनी ओळखीच्या वार्ताहराला फोन केला आणि वर्तमानपत्रात धाकटीच्या फोटोसकट बातमी आली: सापडलं तेव्हाच हरवलेलं फूल. आई थोरलीकडे राहायची, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. तिने कात्रीने ती बातमी कापली आणि थोरलीपुढे धरली.

"तुझा हात चांगला आहे ना. जरा पुठ्ठ्यावर नीट लाव बघू. भिंतीवर टांगू या."

थोरलीने ती बातमी पुठ्ठ्यावर लावली. एक सुरकुती नाही, डिंकाचा एक डाग नाही. भिंतीवर टांगल्यावर धाकटीचा फोटो बरोबर तिच्या जेवायच्या जागेसमोर आला. रोज जेवताना ती त्याच्याकडे बघायची आणि मनात तालीम करायची: बातमी फुटेल, धाकटी रडत येईल, आपण तिच्या पाठीवरून हात फिरवू आणि म्हणू, होतं गं असं, माणूसच आहे. पाठीवर हात कुठून कुठे फिरवायचा हेसुद्धा तिने ठरवून ठेवलं होतं. इतकं सुख तिला बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं.

एक धोका होता, तो तिला ठाऊक होता. त्या सतरा कागदांवर बी धरलेल्या गोंड्यांशेजारी मागाहून आलेल्या मिटलेल्या कळ्या होत्या, सगळ्या मिळून अकरा. बीवरचे केस कळीतच तयार होतात, आणि मिटलेल्या कळीत ब्रश शिरत नाही. कुणी एक कळी उघडली असती तर तिथल्या तिथे निकाल लागला असता. पण मोठ्या साहेबांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं होतं: जगातून गेलेल्या झाडाची एकही कळी फोडायची नाही. धाकटीही काळजीपोटी ते पाळत होती. थोरली त्या गठ्ठ्याजवळून जाताना कळ्यांकडे बघायची आणि पुढे जायची.

मग एका गुरुवारी लेखाची छापलेली कच्ची प्रत आली. तपासून सोमवारी दुपारी बारापर्यंत परत पाठवायची होती. धाकटी ती घेऊन थोरलीच्या टेबलाशी आली. थोरलीची बोटं डिंकाने माखलेली होती.

"हात लावू नकोस, मीच धरते. हे वाच," धाकटी म्हणाली. "इतके दिवस मुद्दाम सांगितलं नव्हतं."

नव्या फुलाचं नाव ठळक अक्षरात होतं. पहिला शब्द सगळ्या पिवळ्यांचा असतो तोच. दुसरा शब्द थोरलीचं स्वतःचं नाव होतं, मागे लॅटिन शेपूट लावलेलं. खाली दोन ओळी होत्या: हे नाव माझ्या थोरल्या बहिणीवरून दिले आहे. सव्वीस वर्षे त्यांच्या हातांनी हा संग्रह राखला, त्या हातांशिवाय ही प्रजाती आपल्याला कळलीच नसती.

"आवडलं का?" धाकटीने विचारलं.

थोरली डिंकाची बोटं तशीच हवेत धरून त्या ओळींकडे बघत राहिली. धाकटीला वाटलं ताईला भरून आलं, आणि आलंही होतं, त्यात खोटं काही नव्हतं. त्या संध्याकाळी घरी ओट्याशी उभं राहून तिने दुधाच्या पिशवीवर, वर्तमानपत्राच्या कडेवर, हाताला लागेल त्या कागदावर आपलं नाव शेपटासकट लिहून पाहिलं. दोनदा नापास झालेल्या बाईचं नाव लॅटिनमध्ये. दोनशे वर्षांनीसुद्धा कुणीतरी ते मोठ्याने वाचणार. तिने ठरवून टाकलं की आता ही गोष्ट कधीच, कुणालाही सांगायची नाही. कळ्या कोण फोडणार आहे? साहेबांचं फर्मान आहेच. धाकटी पडायला नको, फूल राहू दे, नाव राहू दे. तो एक दिवस थोरली धाकटीवर अजिबात जळली नाही.

शुक्रवारी आईला कळलं. आई भाजी निवडत होती. तिने मान न उचलताच म्हटलं, "बघ, तिच्यामुळे तुझं नाव झालं. नाहीतर त्या कपाटांत तुला कोण ओळखत होतं?"

आईच्या मनात काही नव्हतं. पण थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकट्या बहिणीने थोरलीचे उतरलेले कपडे घालायचे, असं घरोघरी असतं. इथे सगळं उलटं. ताई ही हाक धाकटीची, आता हे नावही धाकटीनेच दिलेलं, आणि आपण दोन दिवस ते अंगावर घालून आरशासमोर फिरतोय. साठ हजार कागदांनी जे मिळालं नाही ते बाईसाहेबांनी दोन ओळींत देऊन टाकलं, आणि वर विचारलं, आवडलं का. शनिवारी तिने घर दोनदा झाडलं. रविवारी कपाटातले सगळे कपडे काढून पुन्हा घडी घालून ठेवले. संध्याकाळपर्यंत तिचं ठरलं. ते फूल धाकटीने दान केल्यासारखं आपल्याला मिळण्यापेक्षा कुणाचंच नसलेलं बरं. आपण खरं बोलणार आहोत म्हणून तिला जराही चांगलं वाटत नव्हतं, कारण ते आपण कशासाठी बोलतोय हे तिला पुरेपूर माहीत होतं.

सोमवारी सकाळी आठ वाजता ती संग्रहात पोचली. धाकटी आधीच मायक्रोस्कोपच्या खोलीत होती, कच्ची प्रत समोर, चष्मा कपाळावर. टेबलावर सतरा कागदांचा गठ्ठा होता.

"एक कळी फोड," थोरली दारातूनच म्हणाली.

"काय?"

"यातली एक कळी फोडून बघ. आत केस आहेत."

धाकटी हसली. मग ताईचा चेहरा बघून हसायची थांबली. "साहेबांनी सांगितलंय ना, फोडायची नाही म्हणून. अकराच आहेत सगळ्या मिळून."

"मग दहा राहतील."

थोरली खुर्चीत बसली आणि तिने सगळं सांगितलं. फुटलेला नळ, जुन्या बाई, स्पिरिट, ब्रश, झटकलेली पाकिटं, शिंका. सांगताना तिचा आवाज हललासुद्धा नाही, इतकी वर्षं आत पाठ करून ठेवलेलं होतं ते. ऐकून झाल्यावर धाकटी उठली, छोट्या काचेच्या भांड्यात पाणी घेतलं आणि शेगडीवर ठेवलं. पाणी उकळल्यावर तिने नवव्या कागदावरची एक कळी चिमट्याने अलगद सोडवली आणि पाण्यात टाकली. वाळलेली कळी गरम पाण्यात तीन-चार मिनिटांत मऊ होते. ती मिनिटं दोघींनी भांड्याकडे बघत काढली.

मग धाकटीने कळी काचेवर घेतली, मायक्रोस्कोपखाली सरकवली, दोन सुया हातात घेतल्या आणि कळीवरची हिरवी आवरणं एकेक बाजूला करू लागली. थोरली तिच्या पाठीमागे उभी होती. तिला फक्त धाकटीचा आंबाडा आणि मान दिसत होती. आणि तिथे उभं असताना, तिची तिलाच कल्पना नसताना, तिला वाटलं, नसू देत. नसू देत आत केस. आपल्याच डोक्यात काहीतरी घोटाळा झाला असू दे, तो गठ्ठा दुसराच कुठला असू दे, फूल नवं असू दे. आयुष्यात पहिल्यांदा तिला धाकटी बरोबर ठरायला हवी होती.

सुया थांबल्या. धाकटी बराच वेळ भिंगातून बघत राहिली. मग उठली आणि खुर्ची ताईकडे सरकवली.

थोरलीने भिंगाला डोळा लावला. काचेवर धुळीच्या कणाएवढं कोवळं बी होतं आणि त्याच्या डोक्यावर पांढरे केस, ओले, एकमेकांना चिकटून बसलेले. तिने मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. भरपूर होते.

"पानं अरुंद आहेत म्हणालीस ना," ती भिंगातून डोळा न काढता म्हणाली, "ती टेकडी कोरडी होती. कोरड्या जागी पानं अरुंदच येतात."

"तुला हे कधी कळलं? म्हणजे माझं चुकतंय हे?"

"पहिल्या शुक्रवारी."

"चार महिने झाले त्याला."

"हो."

"मापं वाचून दाखवत होतीस तू मला."

"हो."

"का नाही बोललीस?"

थोरलीने तोंड फिरवून तिच्याकडे पाहिलं. खोटं सांगायला काहीच हरकत नव्हती. नोकरी जाईल म्हणून, लाज वाटली म्हणून, धाकटीने काहीही मानलं असतं. "तू तोंडावर पडावीस म्हणून," ती म्हणाली.

धाकटीने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा घातला. तिचा चेहरा लाल झाला होता. "मग आजच्या दिवस थांबायचं होतंस. पडलेच असते."

"नाव माझं होतं त्यावर."

"म्हणून सांगितलंस?"

"ते तू दिलेलं होतं म्हणून सांगितलं."

धाकटीला हे कळलं की नाही ते थोरलीला समजलं नाही. ती कॉम्प्युटरकडे वळली आणि दोन ओळींत लेख मागे घेतला. मग साहेबांना फोन लावला, त्यांना "चूक माझी आहे, मी कळी उघडायला हवी होती" एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. ब्रशाचं नाव काढलं नाही. तिचा हा चांगुलपणा थोरलीला आत्ता, या क्षणीसुद्धा डोळ्यांत खुपला.

"मी नंतर सांगेन त्यांना," थोरली म्हणाली. "माझं मी सांगेन."

"सांग," धाकटी म्हणाली. आवाज कोरडा होता. तिने खण उघडून ओळखचिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, सतरा मोजल्या, न पुसणाऱ्या शाईचं पेन त्यांच्यावर ठेवलं आणि सगळं टेबलावरून ताईकडे ढकललं. "मी लिहिणार नाही. माझी ओळख चुकली. ज्याने बरोबर ओळखलं त्याने लिहायचं असतं. तुला माहीत आहे नियम."

थोरलीला नियम माहीत होता. साठ हजार कागदांवर तिने दुसऱ्यांच्या नावाच्या पट्ट्या आणि चिठ्ठ्या लावल्या होत्या. तिने पेनाचं टोपण काढलं आणि पहिल्या चिठ्ठीवर साध्या पिवळीचं लांबलचक लॅटिन नाव लिहिलं, न बघता, एकही अक्षर न चुकवता. खाली लिहिलं: बियांवरचे केस साफसफाईत निघाले, कळीत शाबूत आहेत. साफसफाई कुणी केली, तिथे स्वतःचं नाव लिहिलं. ओळख कुणाची, तिथेही स्वतःचंच. शेपूट नव्हतं, घरात आणि शाळेत होतं तसं साधं नाव. मग दुसरी चिठ्ठी. मग तिसरी. अक्षर वळणदार येत होतं, आणि तिच्या लक्षात आलं की तिला हे काम आवडतंय.

धाकटी समोर बसून बघत होती. तिची कच्ची प्रत तिच्याच कोपराखाली दबून चुरगळली होती. थोरलीची सहावी चिठ्ठी लिहून झाली.

"एवढं मोठं कशाला लिहितेस?" धाकटी मग म्हणाली. "बारीक लिही की. प्रत्येक चिठ्ठीवर दोन-दोनदा नाव, तेही एवढ्या अक्षरात."

थोरलीने मान वर केली. धाकटी तिच्याकडे बघत नव्हती, तिची नजर चिठ्ठीवरच्या नावावर होती आणि ओठ घट्ट मिटलेले होते. हा सूर थोरलीने आजवर फक्त स्वतःच्या मनात ऐकला होता, दुसऱ्या कुणाच्या तोंडून नाही, आणि या तोंडून तर कधीच नाही.

"जागा आहे," ती म्हणाली, आणि सातवी चिठ्ठी पुढे ओढून तिने तेवढ्याच मोठ्या अक्षरात नाव लिहिलं.